कवेलू

घर कसे बांधावे हे ठाऊक नाही असा मनुष्य आपल्याकडे सहसा आढळत नाही. औषधोपचार आणि राजकारण यांच्याप्रमाणे घरबांधणी हाही ज्याने त्याने मत द्यावयाचा विषय आहे. आणि ज्याने जन्मात भिंतीत एक खिळाही सरळ ठोकलेला नाही, तो या विषयावर सर्वांत अधिक आत्मविश्वासाने बोलतो. मी इंग्रजी वाङ्मयाचा प्राध्यापक असल्यामुळे माझी गणना याच वर्गात करावयास हरकत नाही. मात्र साकोली तालुक्यातील ज्या घरात मी वाढलो, त्याच्या छपरावर उन्हाळ्याच्या अखेरीस चढणाऱ्या माणसांना खालून कवेलू देण्याचे काम मी लहानपणी दहा-बारा वर्षे केले आहे. घरांविषयी चार शब्द लिहावयाचा माझा अधिकार काय तो एवढाच.

पुण्या-मुंबईकडील वाचकांसाठी आधीच सांगावयास हवे की, तिकडे ज्यास कौल म्हणतात त्यास आम्ही वऱ्हाड-नागपूरकडील लोक कवेलू म्हणतो. त्यातही भेद आहेत. साच्यातून काढलेले, चपटे, खाचांचे जे मंगळुरी कौल, त्यास आमच्याकडे ‘इंग्रजी कवेलू’ हे नाव पडले. वस्तुतः इंग्रजांचा त्याच्याशी संबंध नाही. बासेल मिशनच्या लोकांनी १८६५ साली मंगळूर येथे त्याचा कारखाना काढला, आणि बासेल हे गाव स्वित्झर्लंडातले. पण जे जे गोऱ्या माणसाने आणले ते ते इंग्रजी, हा आमच्या आजोबांच्या पिढीचा भूगोल होता, आणि तो सोयीचा होता. गावच्या कुंभाराने चाकावर घडविलेले ते नुसते कवेलू. मी ज्याविषयी लिहिणार आहे ते हे दुसरे.

निमित्त झाले ते एका पुस्तकाचे. आमच्या महाविद्यालयातील एका तरुण सहकाऱ्याने जगातील नवलाईच्या घरांचे एक जाडजूड सचित्र पुस्तक आणले आणि मोठ्या औदार्याने ते चार दिवस मजकडे ठेवले. पाने उलटता उलटता मी खरोखरच थक्क झालो. बार्सिलोना शहरात गौदी नावाच्या स्थपतीने गेल्या शतकाच्या आरंभी बांधलेली एक इमारत आहे. तिच्या दर्शनी भिंतीत सरळ रेषा म्हणून सापडत नाही, आणि गावकऱ्यांनी चेष्टेने तिला दगडाची खाण असे नाव ठेवले ते कायमचे चिकटले. हॉलंडमधील रॉटरडॅम शहरात पीट ब्लोम याने १९८४ साली पुरी केलेली घनाकृती घरे आहेत. प्रत्येक घन पंचेचाळीस अंशांत कलता करून एका खांबावर टोकावर उभा केलेला. प्रत्येक घर म्हणजे एक झाड आणि सगळी वस्ती म्हणजे एक अरण्य, अशी त्या गृहस्थाची कल्पना. कल्पना रम्य आहे. पण भिंतीच कलत्या असल्यामुळे तेथे कपाट भिंतीला लावून ठेवावयाचे कसे, हा प्रश्न राहतोच. कॅनडातील माँट्रियाल येथे १९६७ च्या जागतिक प्रदर्शनासाठी मोशे सफदी या तिशीही न गाठलेल्या तरुणाने काँक्रीटच्या ३५४ पेट्या एकमेकींवर अशा रचल्या की, एकाचे छप्पर ते दुसऱ्याचे अंगण व्हावे. व्हिएन्नात एका चित्रकाराने घराची जमीनच मुद्दाम उंचसखल केली आणि खिडक्यांतून झाडे वाढविली.

ही चित्रे पाहताना माझ्या मनात मात्र एकच प्रश्न पुनः पुनः येत होता. मृग लागण्यापूर्वी यावर चढणार कोण? प्रश्न खेडवळ आहे हे मी मान्य करतो. सौंदर्याचे एवढे दालन उघडले असता गळतीची चिंता करणे म्हणजे शाकुंतल पाहावयास जाऊन नाट्यगृहाच्या पायऱ्या मोजण्यापैकी आहे. पण पुढे कुतूहलाने थोडे अधिक वाचले, तेव्हा असे दिसले की, विसाव्या शतकातल्या दोन अत्यंत नामांकित घरांच्या मालकांना याच प्रश्नाने छळले होते. पॅरिसजवळ प्वासी येथे ल कॉर्ब्यूझिए याने १९३१ च्या सुमारास पुरे केलेले साव्हॉय कुटुंबाचे घर वास्तुविद्येच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात असते. सडपातळ खांबांवर उभे असलेले शुभ्र घर, वर सपाट गच्ची, आणि गच्चीवर बाग. त्या घराच्या मालकिणीने स्थपतीला जी पत्रे लिहिली, त्यांत सौंदर्याची चर्चा नाही. दिवाणखान्यात पाऊस पडतो, उतरणीवर पाऊस पडतो, अशी तक्रार आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात फ्रँक लॉइड राइट याने धबधब्यावरच बांधलेले घर तर साऱ्या जगाचे तीर्थक्षेत्र झाले आहे. पिट्सबर्गचा जो धनाढ्य व्यापारी त्याचा मालक होता, तो म्हणे त्यास सात बादल्यांचे घर म्हणत असे. पावसात गळतीखाली एवढ्या बादल्या मांडाव्या लागत. पुढे त्या घराचे पाण्यावर झेपावलेले सज्जेही वाकू लागले, आणि २००२ साली पोलादी तारांनी ते ताणून धरावे लागले. हे वाचून मला जे समाधान वाटले ते फार उदात्त नव्हते, पण खरे होते. आमच्या घरीही आषाढात माजघरात एक पितळी घंगाळ आणि दोन गंज ठेवलेले असत. आणि भंडाऱ्याच्या पितळेवर पडणाऱ्या थेंबांचा नाद अमेरिकेतल्या बादलीहून खास मधुर असला पाहिजे.

त्या पुस्तकातील एका घराने मात्र मला विनोद करू दिला नाही. टोकियो शहराच्या गिंझा भागात किशो कुरोकावा याने १९७२ साली एक मनोरा उभा केला होता. काँक्रीटचे दोन खांब, आणि त्यांना चहूबाजूंनी बोल्टांनी अडकविलेल्या १४० खोल्या. प्रत्येक खोली कारखान्यात तयार होऊन आलेली. आत पलंग, न्हाणी, मेज आणि एक मोठी वाटोळी खिडकी. कल्पना अशी होती की खांब दीर्घकाळ टिकतील, खोल्या मात्र पंचवीस वर्षांनी जुन्या होतील. मग जुनी काढावी, नवी लावावी. झाड पाने टाकते आणि नवी घेते, तशी इमारत जगत राहील. इतका सुंदर विचार घराच्या बाबतीत फार थोड्यांना सुचला असेल. पण त्या १४० पैकी एकही खोली पन्नास वर्षांत कधी बदलली गेली नाही. खालची खोली काढावयाची तर वरच्या हलविल्याशिवाय ती निघत नव्हती, खर्च मोठा, मालक अनेक, आणि त्यांचे एकमत होईना. छपरे गळू लागली, नळ गंजले, आणि २०२२ साली तो मनोरा उतरविण्यात आला. काही खोल्या संग्रहालयांनी नेल्या.

त्या रात्री मला झोप लागली नाही असे लिहिले तर ते खोटे होईल. पण दुसऱ्या दिवशी वर्गात शिकवताना मध्येच मला आमच्या घराचे छप्पर आठवले. कुरोकावाने जे योजिले आणि जे घडले नाही, ते आमच्या झाडीपट्टीत प्रत्येक उन्हाळ्यात घडत आले आहे. तेथे आढे आणि वासे दोन-तीन पिढ्या टिकतात आणि कवेलू दर वर्षी बदलतात.

हे कवेलू कसे होते ते ज्यांनी पाहिले नसेल त्यांच्यासाठी थोडे विस्ताराने सांगतो. कुंभार चाकावर एका बाजूस किंचित निमुळते असे मातीचे नळकांडे ओढतो आणि ते ओले असतानाच त्यास उभी चीर देतो. वाळल्यावर हलका हात मारला की त्याची दोन सारखी अर्धुके होतात. भट्टीत भाजली की झाली दोन कवेलू. छपरावर बांबूच्या कामट्यांवर एक ओळ उताणी घालावयाची आणि शेजारच्या दोन उताण्या ओळींच्या फटीवर एक ओळ पालथी. उताणीतून पाणी वाहते, पालथी फट झाकते. खिळा नाही, चुना नाही, दोरी नाही. केवळ उतारावर एकमेकांच्या आधाराने ती पडून असतात. त्यामुळे त्यांतून वारा खेळतो. चुलीचा धूर वर जाऊन हळूच बाहेर पडतो. पाऊस उघडला की दूरवरून पाहणाऱ्यास सगळे गाव मंद मंद धुमसत असल्यासारखे दिसते. खाली मातीचा लिंपलेला माळा, त्याखाली दीड हात जाडीच्या मातीच्या भिंती. धानाचे तणीस मिसळून ती माती पायांनी तुडवावयाची, मुरू द्यावयाची, मग हातभर उंचीचा एक थर घालून तो वाळेपर्यंत थांबावयाचे. भिंतीला घाई चालत नाही. भंडाऱ्याचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांपर्यंत चढतो. पण त्या माजघरात वैशाखाच्या दुपारी उघड्या जमिनीवर पाठ टेकली की जो गारवा लागे, तो मला पुढे कोणत्याही कूलरने दिला नाही.

वानरे मात्र या छपराचे हाडवैरी. चिंचेवरून आंब्यावर जावयाचे तर मधला मार्ग आमच्या पाख्यावरूनच, अशी त्यांची पक्की समजूत होती. त्यांच्या उड्यांनी, मांजरांच्या भांडणांनी, वावटळीने आणि क्वचित आमच्या चेंडूने कवेलू सरकत व फुटत. म्हणून अक्षय्य तृतीया झाली की कवेलू फेरणारा येई. दोन मनुष्ये वर, एक शिडीवर, आम्ही मुले खाली. ओळच्या ओळ उचलावयाची, साचलेला पालापाचोळा झाडावयाचा, फुटके बाजूस काढावयाचे, चांगले पुनः लावावयाचे. शंभरात दहा-बारा फुटके निघत. तेवढे कुंभाराकडून नवे आणावयाचे. चार दिवसांत सारे घर जणू नवे होई. फुटक्या तुकड्यांचाही अपव्यय नसे. ते अंगणातल्या चिखलाच्या वाटेवर पडत. या सर्वांत असे काहीच नव्हते की ज्यासाठी तालुक्याच्या गावी जावे लागावे.

या सुट्या सुट्या रचनेचे आणखी एक मर्म मला फार उशिरा, आणि दुःखद रीतीने, पाहावयास मिळाले. पवनीजवळ गोसे येथे वैनगंगेवर मोठे धरण व्हावयाचे ठरले. १९८८ साली राजीव गांधींच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली. पुढे पाणी चढू लागले तशी नदीकाठची गावे एकामागून एक उठली. त्या दिवसांत त्या रस्त्याने जाताना ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांत भांडी आणि गाद्यांबरोबर दारांच्या चौकटी, वासे आणि एकात एक बसवून रचलेले कवेलू मी पाहिले आहेत. भिंत तेवढी मागे राही, आणि ती होती मातीचीच. ती पुनः माती होणार होती. ज्यांनी अलीकडेच स्लॅब टाकला होता, त्यांना दारे-खिडक्यांपलीकडे काही नेता आले नाही. पुनर्वसनाच्या जागी त्या कवेलूंचे छप्पर किती जणांनी पुनः घातले, ही गोष्ट वेगळी. बहुतेकांनी नव्या जागी नवेच घर बांधले. पण न्यावेसे वाटले, आणि नेता आले.

आमच्या प्रांताला घराविषयीचा हा विचार परका नाही. नागपूरच्या पलीकडे वर्ध्याजवळ सेवाग्राम येथे बापू कुटी आहे. गांधीजी १९३६ साली त्या गावी राहावयास आले, तेव्हा त्याचे नाव शेगाव होते. कुटी मुळात मीराबेन यांनी स्वतःसाठी बांधली होती. गांधीजी मागाहून तीत राहू लागले. मातीच्या भिंती, बांबू, वर कवेलू. भिंतीवर मीराबेननी मातीतच उठविलेली ताडाची झाडे आणि चरखा. मी विद्यार्थ्यांची सहल घेऊन तेथे दोन-तीनदा गेलो आहे. आमच्या पोरांना ती पाहून विशेष काही वाटत नाही, आणि त्याचे कारणही स्पष्ट आहे: त्यांच्यापैकी निम्म्यांचे आजोबा तसल्याच घरात राहत होते. पण १९७८ च्या जानेवारीत इव्हान इलिच हा युरोपीय विचारवंत तेथे आला, त्या कुटीत बसून राहिला, आणि सामानाने भरलेल्या वास्तूत व राहत्या घरात काय अंतर असते ते तिने आपल्याला शिकविले, असे त्याने नंतरच्या भाषणात सांगितले. आपल्या वस्तूचे मोल आपल्याला परक्याने सांगावे, हा प्रकार आपल्याकडे नवा नाही.

लॉरी बेकर या इंग्रज स्थपतीची हकीकत याहून अर्थपूर्ण आहे. तो मूळचा बर्मिंगहॅमचा. महायुद्धाच्या काळात चीनमध्ये रुग्णसेवा करून परत जाताना जहाजाची वाट पाहत तो मुंबईत थांबला असता त्याची गांधीजींशी गाठ पडली. आदर्श गावातील आदर्श घर हे त्या जागेपासून पाच मैलांच्या आत मिळणाऱ्या वस्तूंनीच बांधलेले असावे, असे गांधीजींनी त्यास सांगितले. तो पुढे हिंदुस्थानातच राहिला, आणि २००७ साली वारला तोपर्यंत केरळात त्याने शेकडो घरे बांधली. हे पाच मैल मी आमच्या घरास लावून पाहिले. माती परसातली आणि तलावाच्या गाळातली, बांबू आणि बीजा जवळच्या जंगलातला, कवेलू दीड मैलावरच्या कुंभारवाड्यातले, सुतार गावचाच. पाच मैलांबाहेरचे असे दाराच्या कड्या आणि बिजागऱ्या एवढेच लोखंड होते.

येथपर्यंत वाचून, हा मनुष्य जुन्या घरांचा भाट आहे असा समज कोणी करून घेईल, तर त्यास मी किल्लारीची आठवण देईन. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर-धाराशिव भागात जो भूकंप झाला, त्यात सुमारे आठ हजार माणसे गेली, आणि त्यांतील बहुतेकांना त्यांच्याच घरांनी मारले. ती घरेही पाच मैलांतलीच होती. चिखलात बसविलेल्या गोल दगडांच्या जाड भिंती, त्यांवर लाकडी माळवद आणि त्यावर मातीचा थर. उन्हापासून रक्षण व्हावे म्हणून तो थर जाड. आणि गळती थांबावी म्हणून वेळोवेळी त्यावर आणखी माती पडे. म्हणजे तेथे डागडुजीच पिढ्यान्‌पिढ्या डोक्यावरचा भार वाढवीत आली होती. याच्या उलट, कच्छमधील भुंगा नावाची वाटोळी मातीची घरे, हलक्या शंकूसारख्या छपरामुळे, २००१ च्या भूकंपात पुष्कळशी उभी राहिली. तेव्हा जुने म्हणून चांगले हा न्याय येथे लागू पडत नाही. कोणत्या ऋतूशी आणि कोणत्या संकटाशी त्या घराने तह केला आहे, हे पाहावे लागते. आणि जे संकट शेकडो वर्षांत एकदा येते त्याच्याशी तह करावयास मनुष्य विसरतो.

दुसरा आक्षेप माझ्या वहिनींचा आहे, आणि तो मला भूकंपाहून अधिक निरुत्तर करतो. गेल्या दिवाळीत मी ओसरीवर बसून बापू कुटी, पाच मैल इत्यादींवर दादांना ऐकवीत होतो. वहिनी आतून सुपात तांदूळ घेऊन आल्या होत्या. त्या म्हणाल्या, “भाऊजी, तुम्ही दिवाळीला येता. सारवण दर आठ दिवसांनी येतं.”

यावर मी काय बोलणार? पस्तीस वर्षे त्यांनी ती जमीन सारवली आहे. त्यांच्यापूर्वी आईने सारवली. पावसाळ्यात भिंतीची ओल, पोपडे, कोपऱ्यातली वाळवी, माळ्यावरून पडणारी माती, आणि दोन वर्षांआड ढोलीमागे निघणारा साप. ज्या गारव्याचे मी वर गोडवे गाइले तो गारवा शेणात हात घालणाऱ्या बायकांनी राखलेला होता. सेवाग्रामच्या कुटीची सारवणही कोणीतरी करीत असेलच. इलिचच्या भाषणात त्या हातांना कितपत जागा मिळाली कोण जाणे. सरकारची घरकुल योजना आली, मैदानी भागात एका घरास १ लाख २० हजार रुपयांची मदत आणि निदान २५ चौरस मीटरांचे घर, तेव्हा गावातील बायकांनी स्लॅबच्या घरासाठी जो आग्रह धरला तो केवळ डामडौलाचा होता असे म्हणणारे शहाणे लोक मला भेटतात. त्यांपैकी सारवण्याचा अनुभव असलेला मला अद्याप एकही भेटलेला नाही.

तरी स्लॅबविषयी माझी एक तक्रार उरतेच, आणि ती उकाड्याची नव्हे. कवेलूचे घर वाढत जात असे. आमच्या पणजोबांनी दोन खणांचे घर आणि पुढे सपरी एवढेच बांधले. आजोबांनी मागे तीन खण जोडले. वडिलांनी गुरांच्या कोठ्याचा एक भाग घेऊन माझ्यासाठी अभ्यासाची खोली केली. आढे लांबविले, वासे टाकले, कवेलू आणले की झाले. नव्या आणि जुन्या घरातला सांधा कोठे आहे हे छपराच्या रंगावरून कळे, आणि दोन पावसाळ्यांनी तेही कळेनासे होई. नवलाईच्या घरांच्या त्या पुस्तकात मला सर्वांत जवळची वाटली ती अशीच वाढणारी घरे. चिली देशात इकिके गावी आलेहान्द्रो आरावेना याने २००४ साली ९३ गरीब कुटुंबांसाठी अर्धी अर्धी घरे बांधली. पैसे होते तेवढ्यात पुरे पण लहान घर बांधण्याऐवजी त्याने मोठ्या घराचा अवघड अर्धा भाग बांधून दिला, आणि शेजारी तेवढीच मोकळी जागा सोडली. उरलेले ज्याने त्याने सवडीने भरावे. लोकांनी ते भरले, आपापल्या रंगांत आणि आपापल्या ऐपतीने.

आपल्याकडे चार्ल्स कोरिया यांनी हे त्याच्या किती तरी आधी नव्या मुंबईत बेलापूर येथे केले होते. १९८० नंतरच्या काही वर्षांत झालेल्या त्या वस्तीत सात सात घरे एका आठ मीटरांच्या चौकाभोवती आहेत, आणि एकाची भिंत दुसऱ्याच्या भिंतीस मुद्दाम लागू दिलेली नाही. का, तर शेजाऱ्याची परवानगी न मागता प्रत्येकास आपले घर वाढविता यावे. आज तेथे पुष्कळ ठिकाणी मूळची उतरत्या छपरांची घरे पाडून मजल्यांवर मजले चढलेले आहेत. रसिक लोक हळहळतात. मला वाटते, त्यात स्थपतीचा पराभव पाहण्याचे कारण नाही. घर बदलता यावे असाच करार होता. तो लोकांनी वापरला, एवढेच. टोकियोच्या मनोऱ्यातील माणसांना ते सुख मिळाले नाही.

आता मूळ गोष्ट सांगतो, कारण ती पुढे ढकलून चालण्यासारखी नाही. आमच्या घराचा निकाल या उन्हाळ्यात लागावयाचा होता. ज्या कुंभारवाड्यातून कवेलू येत, तेथे आता चाकावर कोणी कवेलू काढीत नाही. पोळ्याचे बैल आणि उन्हाळ्यातले माठ एवढ्यावर एक घर कसेबसे चालते, आणि त्याची मुले नागपुरास कामाला आहेत. फेरणारा एकच उरला आहे. त्याचे वय सत्तरीस आले असून गुडघे दुखतात. कवेलू मिळाला तरी चढणारा नाही, आणि चढणारा मिळाला तर कवेलू नाही. गेल्या पावसाळ्यात मागच्या तीन खणांवर निळे ताडपत्र बांधून काढावे लागले. पुतण्याने सबंध घर पाडून स्लॅबचे घर बांधावयाचा नकाशा करून आणला. नकाशा चांगला होता. दादा काही बोलले नाहीत. ते तीन दिवस नुसते माळ्यावर जाऊन वासे ठोकून पाहत होते. शेवटी आई बोलली. ती पंच्याऐंशीची आहे. तिने एवढेच विचारले की, बांधकाम चालू असेतो मला कोठे ठेवणार?

त्या प्रश्नाने निम्मे घर वाचले. ठरले ते असे: मागचे तीन खण पाडावयाचे आणि तेथे दोन खोल्या, स्वयंपाकघर व न्हाणीघर पक्के बांधावयाचे, पुढचे दोन खण आणि सपरी तशीच ठेवावयाची. तेथे आई राहील. मग मी बेकरची एक युक्ती पुतण्यास सांगितली. स्लॅबच्या खालच्या अंगास जो काँक्रीट असतो तो विशेष भार उचलीत नाही. तेथे सळयांच्या चौकटींत जुने कौल जोडीने ठेवले तर सिमेंट वाचते, वजन कमी होते, आणि आतल्या पोकळीमुळे उष्णता खाली कमी उतरते. पुतण्यास ते पटले. त्याने नागपूरच्या एका अभियंत्याकडून हिशेबही तपासून आणला. ठेकेदारास मात्र पटले नाही. स्लॅबमध्ये कवेलू घातले तर लोक मला हसतील, असे त्याने स्पष्ट सांगितले. पुष्कळ वाटाघाटीनंतर तो एका खोलीपुरता तयार झाला, तेही बाहेरून दिसणार नाही या अटीवर.

वैशाखात मागचे छप्पर उतरविले. पुतण्या त्या म्हाताऱ्याबरोबर आठ दिवस वर होता. ओळ कोठून धरावी आणि पाय कोठे ठेवावा हे तो बऱ्यापैकी शिकला आहे, असे म्हाताऱ्याने दादांजवळ सांगितले. सुमारे साडेतीन हजार कवेलू शाबूत निघाले. त्यांतले चारशे त्या एका खोलीच्या स्लॅबात गेले. बाकीचे परसात जांभळाखाली उभे रचून ठेवले आहेत. पुढच्या घरास वर्षाला अडीचशे लागतात. म्हणजे बारा वर्षे पुरतील, आणि वानरांनी दया केली तर थोडी अधिकही. वहिनींनी नव्या स्वयंपाकघराची फरशी साकोलीस जाऊन स्वतः निवडून आणली आहे. पांढरी नको, डाग दिसतात, असे दुकानदार सांगत होता. त्यांनी पांढरीच घेतली.